रूट कॅनॉलची अंतर्रचना : प्रस्तावना

दाताच्या आतली पोकळी ढोबळमानाने दाताच्याच आकाराला अनुसरते. क्राउनच्या भागात ती रुंद असते, तिला पल्प चेंबर म्हणतात. मुळात शिरल्यावर ती अरुंद होते, तो रूट कॅनॉल. चेंबरच्या छतातून प्रत्येक कस्पच्या रोखाने पल्प हॉर्न वर गेलेले असतात आणि तळाशी कॅनॉलची तोंडे असतात. पुढच्या दातांत चेंबर कुठे संपले आणि कॅनॉल कुठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही. दाढांत मात्र चेंबरला स्वतंत्र तळ असतो आणि या तळाचे वाचन हाच दाढेच्या उपचाराचा निम्मा भाग असतो. मुळाच्या टोकाजवळच्या एपिकल फोरामेनमधून रक्तवाहिन्या आणि नसा आत येतात. तिथूनच दाताच्या आतला संसर्ग बाहेरच्या हाडापर्यंत पोहोचतो.

एवढे वर्णन पहिल्या वर्षाच्या परीक्षेला पुरते. ओपीडीत खुर्चीवर पेशंट बसल्यावर ते अपुरे पडते, कारण त्यातून एका मुळात एक सरळ, गोल नळी असते असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात एका मुळात दोन कॅनॉल असू शकतात. ते वाटेत एकत्र येतात, पुन्हा वेगळे होतात, आडव्या फटींनी जोडलेले असतात आणि त्यांच्यापासून बारीक फाटे फुटून मुळाच्या बाजूला उघडतात. म्हणूनच 'कॅनॉल' या शब्दाऐवजी 'रूट कॅनॉल सिस्टिम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. उपचार करणाऱ्याला ही सिस्टिम बहुतांशी दिसत नाही. फाइलच्या टोकाकडून बोटांना जे जाणवते आणि एक्स-रेच्या सपाट सावलीत जे उमटते त्यावरून तो अंदाज बांधतो. या अंदाजाला आधार लागतो तो रचनेच्या पूर्वज्ञानाचा. जो कॅनॉल असेल असे वाटतच नाही, तो शोधला जात नाही.

हा गुंता कसा निर्माण होतो हे समजले की पाठांतराचे ओझे बरेच कमी होते. क्राउन तयार झाल्यावर मुळाचा आकार हर्टविगचे एपिथेलियल रूट शीथ ठरवते. हे आवरण पल्पभोवती खाली वाढत जाते आणि त्याच्या आतल्या बाजूला डेंटिन साचू लागते. सुरुवातीला मुळाची पोकळी मोठी आणि एकसंध असते, टोक उघडे असते. मूळ गोल असेल तर पोकळीही गोल राहते. मूळ गालाकडून जिभेकडे रुंद आणि मेसिअल-डिस्टल दिशेने, म्हणजे शेजारच्या दातांच्या दिशेने, चपटे असेल तर पोकळी फितीसारखी होते. पुढे डेंटिनचे थर चढत जातात तशी ही फीत मध्यभागी दोन्ही भिंतींकडून आवळली जाते आणि एकाचे दोन कॅनॉल होतात. ही विभागणी काही ठिकाणी पूर्ण होते, काही ठिकाणी अर्धवट राहते. जिथे अर्धवट राहते तिथे दोन कॅनॉलना जोडणारी अरुंद फट उरते, तिला इस्थमस म्हणतात. यातून एक साधा नियम हाती लागतो : ज्या मुळाचा आडवा छेद लांबट आणि मध्ये दबलेला आहे, त्यात दुसरा कॅनॉल गृहीत धरावा, आणि तो नाही याची खात्री झाल्यावरच सोडून द्यावा. वरच्या पहिल्या दाढेचे मेसिओबकल मूळ, खालच्या दाढांचे मेसिअल मूळ, वरच्या उपदाढा आणि खालचे पटाशीचे दात हे सगळे या एका नियमाखाली येतात.

रूट शीथमध्ये कुठे खंड पडला किंवा वाढीच्या काळात एखादी रक्तवाहिनी मध्ये अडकली, तर तिथे डेंटिन तयार होत नाही आणि लॅटरल कॅनॉल मागे राहतो. डी ड्यूस यांनी १९७५ मध्ये ११४० दात तपासले, त्यांतल्या २७.४ टक्के दातांत असे फाटे आढळले. बहुतेक मुळाच्या टोकाकडच्या भागात होते. टोकाकडचा तिसरा हिस्सा सर्वांत अवघड मानला जातो, त्याला हेही एक कारण आहे.

या रचनेचा अभ्यास जुना आहे. व्हिएन्नाचे गेऑर्ग काराबेली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅनॉलची संख्या आणि जागा यांचे तपशीलवार वर्णन केले. वरच्या दाढेवरच्या जादा कस्पमुळे त्यांचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. पुढे काढलेल्या दातांत काहीतरी द्रव पदार्थ भरून तो घट्ट करायचा आणि भोवतालचा दात विरघळवून टाकायचा, ही पद्धत आली. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर हेस यांनी यासाठी रबर वापरले. दाबाने आत घातलेले रबर व्हल्कनाइज केले आणि दाताचे कठीण भाग आम्लात विरघळवले की कॅनॉलचा साचा सुटा हाती येत असे. हेस यांचे काम १९१७ मध्ये जर्मनमध्ये आणि १९२५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्या साच्यांची छायाचित्रे आजही पुस्तकांत छापली जातात, आणि ती पाहिल्यावर सरळ नळीची कल्पना डोक्यात टिकत नाही.

दुसरी पद्धत दात पारदर्शक करण्याची. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही करता येते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा करून पाहावी अशी आहे. काढलेल्या दाताचे चेंबर उघडून पल्पचे अवशेष सोडियम हायपोक्लोराइटने काढून टाकतात आणि आत इंडिया इंक भरतात. मग दात सौम्य नायट्रिक आम्लात ठेवतात. दोन-तीन दिवसांत त्यातले क्षार निघून जातात आणि दाताला सुई सहज टोचता येते. पाण्याने धुऊन, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातले पाणी काढतात आणि शेवटी तो मिथिल सॅलिसिलेटमध्ये बुडवतात. वेदनाशामक मलमाचा ओळखीचा वास खोलीभर पसरतो आणि काही तासांत पांढरा अपारदर्शक दात काचेसारखा होतो. आत शाईची काळी रेघ दिसते. दात बोटांत फिरवला की एक वाटणारी रेघ दोन होते, टोकाशी तिला बारीक केसासारखे फाटे फुटलेले दिसतात. फ्रँक व्हर्टुची यांनी याच धर्तीवर, रंगद्रव्य वापरून, २४०० दात पारदर्शक केले आणि १९८४ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

व्हर्टुची यांचे आठ प्रकार तोंडी परीक्षेत हमखास विचारले जातात. पहिल्या प्रकारात चेंबरपासून टोकापर्यंत एकच कॅनॉल. दुसऱ्यात दोन निघून टोकाआधी एक होतात. तिसऱ्यात एकाचे दोन होऊन पुन्हा एक. चौथ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन स्वतंत्र. पाचव्यात एकच निघतो आणि टोकाजवळ दुभंगतो. सहाव्यात दोनाचा एक आणि पुन्हा दोन. सातव्यात एक, दोन, एक, दोन. आठव्यात तीन स्वतंत्र कॅनॉल. त्याआधी १९६९ मध्ये वाइन यांनी वरच्या पहिल्या दाढेच्या मेसिओबकल मुळापुरते वर्गीकरण केले होते, आणि २०१७ मध्ये अहमद व सहकाऱ्यांनी दाताचा क्रमांक, मुळांची संख्या आणि कॅनॉलचा मार्ग एकाच संकेतात लिहिण्याची नवी पद्धत सुचवली. वर्गीकरणे पाठ करण्यापेक्षा त्यांतला व्यवहाराचा मुद्दा पकडणे अधिक उपयोगाचे. कॅनॉल वर दुभंगला असेल तर दोन्ही तोंडे दिसतात आणि काम सोपे असते. तो जितका खाली दुभंगतो तितका दुसरा फाटा हातातून निसटण्याची शक्यता वाढते. व्हर्टुचींचा पाचवा प्रकार चौथ्यापेक्षा खूप जास्त त्रासदायक ठरतो तो यामुळेच. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कॅनॉल टोकाआधी मिळत असल्याने तिथे सफाईइतकेच महत्त्व मिलनबिंदू ओळखण्याला आहे. दोन्हीकडून मोठ्या फाइल टोकापर्यंत नेल्या तर खालचा समाईक भाग विनाकारण रुंद होतो.

चेंबरच्या तळाकडे येऊ. क्रास्नर आणि रँको यांनी २००४ मध्ये ५०० दातांची चेंबर पाहून काही नियम मांडले. त्यातला पायाचा नियम असा की चेंबर नेहमी इनॅमल आणि सिमेंटम जिथे मिळतात त्या रेषेच्या, म्हणजे सीईजेच्या पातळीवर आणि दाताच्या मध्यभागी असते. किडीने क्राउनची वाट लागली असो, जुने फिलिंग असो वा वर कॅप असो, कस्पच्या खुणा फसव्या असतात. सीईजे फसवत नाही. रबर डॅम लावण्यापूर्वी हिरडीलगत प्रोब फिरवून ही रेषा जाणून घ्यावी. त्यांचे पुढचे नियमही सरळ आहेत. चेंबरच्या तळाचा रंग भिंतींपेक्षा नेहमी गडद असतो. कॅनॉलची तोंडे तळ आणि भिंत यांच्या सांध्यावर आणि त्या सांध्याच्या कोपऱ्यांत असतात. वरच्या दाढा सोडल्यास तोंडे मेसिअल-डिस्टल मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असतात. खालच्या दाढेत डिस्टल कॅनॉलचे तोंड मध्यरेषेवर सापडले तर तो बहुधा एकच आहे. ते एका बाजूला सरकलेले दिसले तर दुसऱ्या बाजूला, तितक्याच अंतरावर, आणखी एक असणार. हा एक नियम नीट वापरला तरी बरीच उलटी-सुलटी शोधाशोध वाचते.

चेंबरची उंची किती कमी असते याची कल्पना विद्यार्थ्यांना सहसा नसते. दाढांच्या मोजमापांनुसार कस्पच्या टोकापासून चेंबरच्या छतापर्यंत सुमारे ६ ते ६.५ मिमी अंतर असते, छतापासून तळापर्यंत जेमतेम दीड ते दोन मिमी आणि तळापासून मुळांच्या दुभाजकापर्यंत सुमारे ३ मिमी. बर चेंबरमध्ये शिरताच हाताला 'ड्रॉप' जाणवेल असे शिकवले जाते. तरुण दातात तो जाणवतोही. चाळिशी-पन्नाशीच्या पेशंटमध्ये छत आणि तळ जवळजवळ टेकलेले असतात; तिथे ड्रॉपची वाट पाहत बर खाली नेणे म्हणजे तळ फोडून दुभाजकात उतरणे होय. ६ मिमीच्या आसपास पोहोचल्यावर थांबून पाहायचे, बरच्या दांडीवर आधीच खूण करून ठेवायची, हे शिस्तीने करण्याचे काम आहे.

आता दातांचा क्रम घेतला तर वरचे पटाशीचे दात आणि सुळा यांत एक मूळ, एक कॅनॉल ही अपेक्षा जवळपास नेहमी खरी ठरते. वरच्या बाजूच्या पटाशीच्या दाताचे मूळ टोकाशी डिस्टल आणि टाळ्याच्या दिशेने वळते. टाळ्याकडचे वळण साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे दात सरळ वाटतो आणि फाइल मात्र अडते. सुळा तोंडातला सर्वांत लांब दात. त्याची सरासरी लांबी २६ मिमीच्या पुढे असल्याने २५ मिमीची फाइल इथे अनेकदा कमी पडते आणि ३१ मिमीची काढावी लागते.

खालचे पटाशीचे दात मात्र सोपे समजले जातात आणि तिथेच चूक होते. बेंजामिन आणि डाउसन यांनी १९७४ मध्ये ३६४ दात तपासले, त्यांपैकी ४१.४ टक्के दातांत दोन कॅनॉल होते. शेवटपर्यंत स्वतंत्र राहून वेगवेगळ्या फोरामेनमधून बाहेर पडणारे फक्त १.३ टक्के. म्हणजे दुसरा कॅनॉल बहुधा टोकाआधी पहिल्याला मिळतो, पण मिळेपर्यंतच्या अंतरात त्यात पल्पचे कुजके अवशेष आणि जंतू राहतात. हा दुसरा कॅनॉल जिभेच्या बाजूला, सिंग्युलमखालच्या डेंटिनच्या उंचवट्यामागे लपलेला असतो. विद्यार्थी अ‍ॅक्सेस जिभेकडून, सिंग्युलमच्या वर लहानसा करतो. त्या खिडकीतून जाणारी फाइल आपोआप ओठाकडच्या भिंतीला लागून खाली उतरते आणि ओठाकडचा कॅनॉल सापडतो. काम झाले असे वाटते. अ‍ॅक्सेस चावण्याच्या कडेकडे आणि खाली सिंग्युलमकडे वाढवून तो उंचवटा काढला, फाइलचे टोक किंचित वाकवले आणि जिभेकडच्या भिंतीवरून चाचपत नेले, तरच दुसरे तोंड लागते. दात इतका अरुंद असतो की खिडकी बाजूंना वाढवायला जागाच नसते. वाढवायची ती उभ्या दिशेनेच. खालच्या सुळ्यातही साधारण पाचात एक दात दोन कॅनॉलचा निघतो आणि काही थोड्या दातांना तर मुळेच दोन असतात.

वरच्या पहिल्या उपदाढेत दोन कॅनॉल हा नियम, एक हा अपवाद. तीन असलेले पाच-सहा टक्के दात लहानशा दाढेसारखे दिसतात. दुसऱ्या उपदाढेत एक आणि दोन यांचे प्रमाण जवळजवळ सारखे. खालची पहिली उपदाढ मात्र अनुभवी हातांनाही दाद देत नाही. व्हर्टुचींच्या पाहणीत तिच्या २४ टक्के दातांत कॅनॉल पाचव्या प्रकारचा होता, म्हणजे वर एक आणि खाली दोन. शिवाय या दाताचा क्राउन मुळाच्या अक्षाच्या तुलनेत जिभेकडे झुकलेला असतो. त्यामुळे सरळ उतरणारी फाइल गालाकडच्या फाट्यात जाते आणि जिभेकडचा फाटा मुख्य कॅनॉलच्या भिंतीतून जवळजवळ काटकोनात निघतो. एक्स-रेमध्ये वर ठळक दिसणारा कॅनॉल मुळाच्या मध्यावर अचानक पुसट झाला तर तो तिथे दुभंगला आहे असे धरून चालावे.

खालची पहिली दाढ ही बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली मल्टिरूटेड केस. सहाव्या वर्षी उगवणारा हा दात किडीला सर्वांत आधी बळी पडतो. मेसिअल मुळात दोन कॅनॉल जवळपास नक्की. डिस्टलमध्ये एक किंवा दोन. स्किडमोर आणि ब्योर्नडाल यांच्या १९७१ च्या पाहणीत एकूण चार कॅनॉल असलेल्या दाढा २८.९ टक्के होत्या. दोन मेसिअल तोंडांना जोडणाऱ्या खाचेत कधीकधी तिसरे, मिडल मेसिअल, सापडते. काही दाढांना डिस्टल-लिंग्वल बाजूला जादा मूळ असते, त्याला रॅडिक्स एंटोमोलॅरिस म्हणतात. युरोपीय वंशाच्या लोकांत ते पाच टक्क्यांच्या आत, पण चिनी आणि इन्युइट लोकांत कितीतरी अधिक आढळते. हे मूळ आखूड आणि वाकडे असते, डिस्टल मुळाच्या मागे दडते, आणि कोनातून काढलेल्या एक्स-रेमध्येच दुहेरी रेषेवरून त्याचा सुगावा लागतो. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी दोन्ही मुळे एकत्र आलेली असतात आणि कॅनॉल इंग्रजी सी अक्षरासारखा होतो. कुक आणि कॉक्स यांनी १९७९ मध्ये याचे वर्णन केले. चीन आणि कोरियातल्या पाहण्यांत त्याचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पुढे गेलेले आहे. अशा दातात वेगवेगळी तोंडे शोधण्याचा हट्ट धरू नये. सगळी कमानच एक तोंड असते आणि तिची सफाई फाइलपेक्षा इरिगेशनवर अधिक अवलंबून असते. शिवाय कमानीच्या जिभेकडच्या बाजूला खाचेमुळे भिंत पातळ असते, तिथे जोर केला की मूळ फुटते.

वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे आणि त्यामुळे तीन कॅनॉल, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. मेसिओबकल मुळातल्या दुसऱ्या कॅनॉलने, ज्याला कॉलेजात सगळे एमबी-टू म्हणतात, ते चुकवले. कुलिल्ड आणि पीटर्स यांचा १९९० चा अभ्यास इथे फार बोलका आहे. त्यांना वरच्या पहिल्या व दुसऱ्या दाढांच्या ९५.२ टक्के मेसिओबकल मुळांत दुसरा कॅनॉल मिळाला. पण हाताच्या साधनांनी सापडले फक्त ५४.२ टक्के, आणखी ३१.३ टक्के बरने डेंटिन खोदल्यावर आणि उरलेले ९.६ टक्के मायक्रोस्कोपखाली. हा कॅनॉल 'असतो की नसतो' या वादाचे उत्तर बरेचसे शोधणाऱ्याच्या साधनांवर अवलंबून होते, हे या आकड्यांवरून उघड होते. त्याचे तोंड पहिल्या मेसिओबकल तोंडापासून टाळ्याकडे सरासरी १.८२ मिमी अंतरावर असते, आणि त्या पहिल्या तोंडाला पॅलेटल तोंडाशी जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या थोडे मेसिअल बाजूला. तिथे मेसिअल भिंतीतून डेंटिनचा एक कठडा पुढे आलेला असतो आणि तोंड त्याच्याखाली झाकलेले असते. म्हणून जुना त्रिकोणी अ‍ॅक्सेस सोडून आता तो मेसिअल बाजूला वाढवून चौकोनाकडे झुकलेला करतात. अल्ट्रासोनिक टिपने हा कठडा थोडा थोडा उतरवत, मध्ये मध्ये कोरडे करून डीजी-१६ एक्स्प्लोररने टोचून पाहावे; टोक रुतले आणि काढताना किंचित अडले तर तोंड मिळाले. पहिली फाइल ८ किंवा १० नंबरचीच. कॅनॉल सुरुवातीला मेसिअलकडे तिरका जातो, त्यामुळे सरळ दाबलेली फाइल काही मिमीतच थांबते आणि विद्यार्थी 'कॅल्सिफाइड आहे' असा शेरा मारून मोकळा होतो. खोदकामाची दिशा मेसिअलकडे ठेवायची हेही महत्त्वाचे, कारण या मुळाची दुभाजकाकडची बाजू आत दबलेली आणि पातळ असते.

पॅलेटल मूळ त्या मानाने प्रशस्त. पण त्याचे टोक अनेकदा गालाच्या दिशेने वळलेले असते आणि एक्स-रेच्या दिशेतलेच वळण असल्याने ते दिसत नाही. श्नायडर यांनी १९७१ मध्ये वळणाचा कोन मोजण्याची पद्धत दिली, ५ अंशांपर्यंत सरळ, १० ते २० मध्यम आणि २५ च्या पुढे तीव्र. पण तीही एका प्रतलातल्या सावलीवरच चालते. म्हणूनच ट्यूब सुमारे २० अंश मेसिअल किंवा डिस्टलकडे सरकवून दुसरा एक्स-रे घ्यायचा असतो. ट्यूब ज्या बाजूला जाते त्याच बाजूला सरकलेली सावली जिभेकडच्या कॅनॉलची, विरुद्ध बाजूला गेलेली गालाकडच्या कॅनॉलची. शंका उरली तर लहान क्षेत्राचा सीबीसीटी. पण दोन कोनांतले चांगले एक्स-रे न घेताच स्कॅनसाठी चिठ्ठी लिहिण्याची सवय चांगली नाही.

मुळाच्या टोकाशी मोजमाप मिमीच्या अंशांत चालते. यूरी कुटलर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की फोरामेन बहुतेक दातांत मुळाच्या शारीरिक टोकावर नसून बाजूला सरकलेले असते आणि वय वाढते तसे आणखी सरकते, कारण टोकावर सिमेंटम चढत राहते. कॅनॉलचा सर्वांत अरुंद भाग, एपिकल कन्स्ट्रिक्शन, फोरामेनच्या आत तरुणांत सुमारे अर्धा मिमी आणि वृद्धांत त्याहून थोडा जास्त अंतरावर असतो. वर्किंग लेंथ एक्स-रेवरच्या टोकापासून अर्धा ते एक मिमी कमी धरण्याच्या संकेतामागे हेच मोजमाप आहे. हा केवळ सरासरीचा हिशेब आहे. एखाद्या दातात फोरामेन टोकापासून दोन मिमी अलीकडेही उघडते आणि तेव्हा एक्स-रेवर अचूक दिसणारी फाइल प्रत्यक्षात बाहेर गेलेली असते. अपेक्स लोकेटर टोक मोजत नाही, फोरामेन मोजतो, म्हणून एक्स-रे आणि लोकेटर यांत मतभेद झाला तर आधी लोकेटरवर संशय घेण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेत मुळाचे टोक ३ मिमी कापतात, तेही रचनेवरूनच ठरले आहे : तेवढ्या भागात टोकाकडचे ९८ टक्के फाटे आणि ९३ टक्के लॅटरल कॅनॉल निघून जातात. कापलेल्या पृष्ठभागावर इस्थमस उघडा पडतो आणि तोही साफ करून भरावा लागतो.

वयाचा परिणाम वर ओझरता आलाच. दात उगवल्यानंतर मूळ पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. खालच्या पहिल्या दाढेचे टोक नवव्या-दहाव्या वर्षी बंद होते. त्याआधी पल्प मेला तर भिंती पातळ आणि टोक उघडेच राहते, आणि तिथे नेहमीची पद्धत चालत नाही. पुढे आयुष्यभर सेकंडरी डेंटिन साचत राहते; दाढांत ते मुख्यतः तळावर आणि छतावर चढते. कीड, झीज किंवा जुन्या फिलिंगखाली त्यात टर्शरी डेंटिनची भर पडते, पल्प स्टोन तयार होतात. कॅनॉल वरच्या भागात बंद होत जातो, खाली बहुधा मोकळा असतो. एक्स-रेवर कॅनॉल दिसत नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही.

मायक्रो-सीटी आल्यावर दात न फोडता आतल्या पोकळीचे त्रिमितीय चित्र उपचाराआधी आणि नंतर घेता येऊ लागले. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वरच्या दाढांवर निकेल-टायटॅनियमच्या वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक पद्धतीत कॅनॉलच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग साधनाने स्पर्शच न केलेला आढळला. फाइल गोल फिरते, कॅनॉल गोल नसतो; उरलेल्या कोपऱ्यांत, फटींत आणि फाट्यांत पोहोचते ते फक्त द्रव. शिवाय भिंत म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग नव्हे. पल्पलगतच्या डेंटिनमध्ये एका चौरस मिमीत सुमारे ४५ हजार सूक्ष्म नलिका उघडतात आणि जंतू त्यांतही शिरतात. हायपोक्लोराइट किती वेळ, किती वेळा आणि किती खोलवर पोहोचवायचे हे ठरवताना रचना डोळ्यांपुढे लागते ती याचसाठी.

दुधाच्या दातांची रचना वेगळ्याने पाहावी लागते. दुधाच्या दाढेत चेंबर दाताच्या मानाने मोठे, पल्प हॉर्न उंच, तळ पातळ आणि त्यात दुभाजकाकडे उघडणारे सूक्ष्म मार्ग वारंवार असतात. म्हणून संसर्गाची खूण टोकाशी न दिसता दुभाजकात दिसते. मुळे बारीक आणि फाकलेली असतात, कारण त्यांच्यामध्ये कायमच्या उपदाढेचा अंकुर वाढत असतो. तो वाढतो तशी मुळे विरघळू लागतात आणि फोरामेनची जागा सतत बदलते. म्हणून इथे वर्किंग लेंथ एक्स-रेवरच्या टोकापासून दोन-तीन मिमी अलीकडे धरतात आणि कॅनॉल गट्टा-पर्चाने न भरता, मुळाबरोबर विरघळू शकेल अशा झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा आयोडोफॉर्मच्या पेस्टने भरतात.